पाहिले आणि ऐकले: न्यायालयातील लघुलेखिका आणि जुन्या वस्तूंची जाणकार असलेल्या मावशीच्या आठवणी

धागाकर्ती

आमची मावशी नुकतीच गेली. नोकरीचा सगळा काळ तिने न्यायालयात लघुलेखिका म्हणून काढला आणि जुन्या वस्तू गोळा करण्याचा छंद निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून शेवटपर्यंत जोपासला. शोकसभेत जे बोलले त्यांतल्या बहुतेकांनी एका बाजूला रुक्ष नोकरी आणि दुसऱ्या बाजूला त्या रुक्षपणातून सुटका म्हणून शोधलेला विरंगुळा, अशी तिच्या आयुष्याची वाटणी केली. मला ती मुळीच पटली नाही. तिची नोकरी आणि तिचा छंद ही एकाच स्वभावाची दोन कामे होती, असे मला तिच्या घरातील सामान आवरताना फार स्पष्टपणे जाणवले.

तिच्या संग्रहातील प्रत्येक वस्तूसोबत एक पुठ्ठ्याचे कार्ड आहे. कार्डाच्या मधोमध उभी रेघ असून डावीकडे ‘पाहिले’ आणि उजवीकडे ‘ऐकले’ असे दोन मथळे आहेत. लिहिण्याच्या सामानाची एक लाकडी पेटी आहे, तिच्या कार्डावर उजवीकडे ‘ही पेटी एका जहाजाच्या कप्तानाची होती, असे विकणाऱ्याचे म्हणणे’ एवढे एकच वाक्य आहे. डावीकडे मात्र मजकूर दाटीवाटीने भरलेला आहे: कोपऱ्यांचे सांधे हाताने कापलेले व एकमेकांशी न जुळणाऱ्या मापांचे, बिजागरीचे स्क्रू बोथट टोकाचे, त्यांच्या डोक्यावरची खाच मध्यभागी नाही, तळाची फळी नंतर बदललेली, आतील मखमल अलीकडची. पेटी कप्तानाची होती हे तिने कुठेही नाकारलेले नाही आणि मान्यही केलेले नाही. साक्षीदाराचे म्हणणे त्याच्या नावावर टाकून ती मोकळी झाली आहे.

या कार्डांखेरीज तिच्या लघुलिपीच्या वह्यांचे गठ्ठे आहेत, जे घरात कुणालाच वाचता येत नाहीत. ज्यांनी हे काम केले आहे किंवा ज्यांना जुन्या वस्तूंची जाण आहे त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. मला तिचे गुणगान नको आहे. ती नेमके काय करत होती, हे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त लघुलेखक

आपल्या मावशींना माझी आदरांजली. आमच्या पेशातील माणसाबद्दल कुणी इतक्या आस्थेने विचारले, याचे समाधान वाटले. साक्षीदाराच्या पिंजऱ्याइतक्याच जवळ बसूनही संपूर्ण खटल्यात ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही असा एकच मनुष्य असतो आणि तो लघुलेखक.

आपण वर्णन केलेल्या कार्डांवरून त्या पिटमन पद्धतीत तयार झाल्या असाव्यात, असे मला वाटते. हे केवळ अनुमान आहे, वह्या पाहिल्यावर एका दृष्टिक्षेपात कळेल. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत अक्षरे स्पेलिंगप्रमाणे न लिहिता ध्वनीप्रमाणे लिहितात. ‘प’ आणि ‘ब’ यांची रेषा एकच असते, ती बारीक ओढली की ‘प’ आणि दाबून ओढली की ‘ब’. ‘ट’ आणि ‘ड’, ‘क’ आणि ‘ग’ यांचेही तसेच. स्वर ठिपक्यांनी आणि लहान रेघांनी दाखवायचे असतात, परंतु वेगात लिहिताना ते गाळावेच लागतात. मग शब्द ओळीच्या वर लिहिला आहे, ओळीवर टेकवला आहे की ओळीला छेदून खाली उतरवला आहे, यावरून पहिला स्वर कोणता असावा ते ताडायचे. जॉन रॉबर्ट ग्रेग यांची १८८८ सालची पद्धत वेगळी आहे. तीत जाड-बारीक हा भेद नसून रेषेची लांबी आणि वळण यांवर सर्व काही अवलंबून असते. म्हणून पिटमनवाल्यांना लवचीक निबाचे पेन किंवा चांगली पेन्सिल लागते आणि ग्रेगवाल्यांचे कशानेही भागते.

जाड रेषा आणि बारीक रेषा यांतला फरक ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याचे डोळे स्क्रूची खाच मध्यभागी आहे की नाही हे आपोआप पाहणारच. त्यात मला नवल वाटत नाही. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी सवय. लघुलेखकाला ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लावण्याचा मोह सतत होत असतो. साक्षीदार अर्धवट बोलून थांबतो, व्याकरण चुकतो, आधी ‘संध्याकाळी’ म्हणतो आणि दोन प्रश्नांनंतर ‘अंधार पडल्यावर’ म्हणतो. ते वाक्य नीटनेटके करून देणे हाताला अगदी सोपे असते आणि नेमके तेच करायचे नसते. उलटतपासणीत वकिलाचा सगळा डोलारा कधीकधी त्या दोन शब्दांतील फरकावर उभा असतो.

कुतूहल

धागा आवडला, परंतु एक शंका विचारतो. आता सगळीकडे ध्वनिमुद्रण होऊ शकते. एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ सालचा, म्हणजे आवाज साठवण्याची सोय पिटमन यांच्या पुस्तकानंतर अवघ्या चाळीस वर्षांत आली. असे असताना माणसाने हाताने लिहून घेण्याचे काम इतकी वर्षे का टिकले? मावशींचा अनादर करण्याचा हेतू नाही. आपण त्या कामाला थोडे उदात्त करून पाहतो आहोत का, एवढेच विचारायचे आहे.

वकिली पेशातील वाचक

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर न्यायालयात एक दिवस बसल्यास मिळते. यंत्र आवाज टिपते, पण साक्षीदार मानेने होकार देतो तेव्हा यंत्राच्या लेखी तेथे शांतता असते. ‘तो माझ्यापासून इतका लांब उभा होता’ असे म्हणत तो हात पसरतो, तेव्हा ध्वनिफितीत ‘इतका’ एवढाच शब्द राहतो. दोन वकील आणि साक्षीदार एकाच वेळी बोलू लागले की तासाभराने ती फीत ऐकणाऱ्याला कोण काय म्हणाले ते सांगता येत नाही. जाणता लघुलेखक अशा वेळी हात वर करून कामकाज थांबवतो आणि एकेकाने बोलावे अशी विनंती करतो. सबंध दालनात स्वतःच्या मनाने काहीही न बोलणारी ही व्यक्ती एवढ्या एकाच कारणासाठी न्यायाधीशांनाही थांबवू शकते.

यंत्राशी या पेशाचे वैरही नाही. लघुलेखनाचे टंकयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच अस्तित्वात आले होते. आजच्या नेहमीच्या स्टेनो यंत्राला साधारण बावीस कळा असतात आणि त्या एकेक न दाबता अनेक एकदम दाबून एका फटक्यात पूर्ण अक्षरसमूह किंवा शब्द उमटवतात. अमेरिकेतील न्यायालयीन वार्ताहरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी साक्षीची प्रश्नोत्तरे मिनिटाला २२५ शब्दांच्या वेगाने आणि किमान ९५ टक्के अचूकतेने टिपावी लागतात. श्रवणदोष असलेल्यांसाठी दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमांत खाली उमटणारी अक्षरे पुष्कळदा याच कौशल्यातून येतात.

त्यामुळे उदात्तीकरणाचा आरोप मला मान्य नाही. काम रुक्ष आहे, हे मात्र मान्य करतो. वाटपाच्या दाव्यात बांधाच्या मोजमापावर तीन तास चाललेली साक्ष जिने जांभई न देता लिहून घेतली असेल, तिला रुक्षपणाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

लाकूडकाम

मी जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करतो. कार्डांबद्दल वाचून उठून बसलो. विकत घेणारे शंभरातील नव्वद जण गोष्ट विकत घेतात आणि सोबत टेबल फुकट नेतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून ‘ऐकले’ हा रकाना वेगळा ठेवणारी व्यक्ती मला फार मोलाची वाटते.

मावशींनी जे पाहिले त्याचा अर्थ सांगतो. साधारण १८५० पर्यंत स्क्रू बव्हंशी बोथट टोकाचे असत आणि त्यांची खाच हाताने पाडलेली असल्यामुळे ती थोडी एका बाजूला सरकलेली दिसते. अणकुचीदार टोकाचे, एकसारख्या आट्यांचे स्क्रू यंत्रावर निघू लागले ते त्यानंतर. फळीच्या मागच्या, रंधा न मारलेल्या बाजूवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर ती हातकरवत किंवा वरखाली चालणारी करवत असते. त्या कमानदार असतील तर चक्राकार करवत आली आणि ती एकोणिसाव्या शतकात रुळली. सर्वांत विश्वासू साक्षीदार लाकूड स्वतः असते. ते आपल्या रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे खरोखर जुने अखंड लाकडाचे गोल टेबल दोन्ही दिशांनी मोजले तर ते किंचित लांबट भरते. कुणी ‘दोनशे वर्षांचे गोल टेबल’ दाखवले आणि ते बिनचूक गोल निघाले, तर मी पुढचे प्रश्न विचारू लागतो.

एका बाबतीत मात्र मी मावशींच्या बाजूने पूर्णपणे नाही. ऐकीव माहितीला न्यायालयात किंमत कमी असेल, वस्तूंच्या जगात ती तितकी कमी नसते. एखादी वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, याची साखळी पुष्कळदा तोंडी सांगण्यातूनच सुरू होते आणि मग एखादे पत्र, पावती किंवा छायाचित्र सापडून ती पक्की होते. ‘कप्तानाची पेटी’ हे वाक्य त्यांनी लिहून ठेवले नसते तर उद्या जहाजाच्या जुन्या नोंदीत ते नाव शोधायला कुणी गेलेच नसते. कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले, हे कार्डावर आहे का?

धागाकर्ती

आहे. ‘ऐकले’ या रकान्यात प्रत्येक वाक्याखाली सांगणाऱ्याचे नाव, त्याचे त्या वस्तूशी नाते आणि तारीख आहे. काही ठिकाणी ‘सांगताना दोनदा फरक केला’ असेही लिहिलेले आढळले. पेटीच्या बाबतीत सांगणारा स्वतः कप्तानाला ओळखत नव्हता, त्याने ते आधीच्या मालकाकडून ऐकले होते, ही गोष्टही तिने टिपली आहे. त्यामुळे आपले आणि मावशीचे फारसे भांडण होणार नाही, असे वाटते.

लाकडापेक्षा तिचा जीव धातू आणि चिनी मातीत अधिक होता. चांदीच्या वस्तूवरील छाप ती भिंगातून वाचत असे. लंडनमध्ये १४७८ पासून चांदीवर वर्षदर्शक अक्षराचा छाप मारण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे सारणी हाताशी असेल तर वस्तू कोणत्या वर्षी तपासली गेली ते काढता येते, हे मी तिच्याकडूनच शिकले. एका तबकावर असा छाप उत्तम उमटलेला होता आणि घरातील सगळ्यांना ते फार भारी वाटत होते. मावशीने छापाभोवती पुसटशी सांध्याची रेघ दाखवली. दुसऱ्या एखाद्या लहान, मोडक्या पण अस्सल वस्तूवरील छापाचा तुकडा कापून तबकात डाखला होता. तिचे कार्ड सांगते: ‘छाप खरा. तबक त्याचे नव्हे.’ इतके बोलून ती थांबली आहे. कुणी फसवले, कुणाला फसवले, यावर एक अक्षरही नाही.

विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८४० साली एल्किंग्टन यांनी घेतले. त्याआधी तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा दाबून बसवत असत. अशी झिजलेली वस्तू हातात आली की तिचा चेहरा खुलत असे, कारण कडांमधून तांब्याची लाली दिसू लागलेली असे. पुन्हा मुलामा देऊन ती झाकायला किंवा वस्तू पॉलिश करायला तिने कधीही परवानगी दिली नाही. घरात आम्ही सगळे पितळ चकचकीत करणाऱ्यांपैकी होतो, त्यामुळे यावरून वाद बरेच झाले.

तिला सर्वांत प्रिय होत्या त्या फुटून जोडलेल्या चिनी मातीच्या बशा. चांगले गोंद उपलब्ध होण्यापूर्वी फुटलेल्या बशीला दोन्ही बाजूंनी अर्धवट भोके पाडून धातूचे बारीक टाके घालत असत. बाजारात अशा बशीला सहसा मान नसतो. मावशीचे म्हणणे असे की न्यायालयाच्या कागदावर चूक झाली तर ती खरवडून काढत नाहीत. मूळ शब्द वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारून वर दुरुस्ती लिहितात आणि बाजूला सही करतात. टाके घातलेली बशी तिला तशी सही केलेल्या दुरुस्तीसारखी वाटे, तर फुटल्याचा मागमूस न ठेवता रंगवून विकायला ठेवलेली बशी तिच्या लेखी कागदाशी केलेली लबाडी होती. तिच्या संग्रहाची खरी किल्ली याच वाक्यात असावी. तिला जुनेपणाचे एवढे अप्रूप नव्हते. वस्तूने आपल्यावर काय काय घडले ते लपवू नये, एवढीच तिची अपेक्षा होती.

निवृत्त लघुलेखक

दुरुस्तीची ती पद्धत वाचून गलबलून आले. आमच्या हाताखाली नवीन येणाऱ्यांना खोडरबर बाहेर ठेवून या, असे पहिल्याच दिवशी सांगितले जाई.

यंत्रे त्यांनी गोळा केली होती का, हे विचारायचे राहून गेले. आमच्यातील पुष्कळांना टंकलेखन यंत्रांचा लळा असतो.

धागाकर्ती

एकच आहे आणि तेही तिने विकत घेतलेले नाही, कुणीतरी टाकून दिलेले उचलून आणले होते. कार्डावर अनुक्रमांक, तुटलेल्या कळांची यादी आणि ‘नोकरीच्या आठवणी नकोत’ असा एकमेव वैयक्तिक शेरा आहे. त्याचा अर्थ मी लावत नाही, तिला तो आवडला नसता.

नवशिका संग्राहक

मी नुकतीच सुरुवात केली आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी तीच पुराणवस्तू, असे सर्वत्र वाचतो. मावशी हा नियम पाळत असत का? आणि कागदपत्रांचे वय त्या कशा ओळखत?

लाकूडकाम

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. शंभर वर्षांची मर्यादा ही मुख्यतः कायद्याच्या आणि व्यापाराच्या सोयीची आहे. सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यापारास आळा घालणाऱ्या युनेस्कोच्या १९७० च्या करारात शिलालेख, नाणी, मुद्रा यांसारख्या पुराणवस्तूंसाठी आणि फर्निचरसाठी ती घातलेली आहे. तिचे महत्त्व आहेच, विशेषतः वस्तू देशाबाहेर नेताना-आणताना, आणि त्या बाबतीत आपापल्या देशाचा कायदा आधी वाचावा. परंतु नव्वद वर्षांची प्रामाणिक वस्तू शंभर वर्षांच्या संशयास्पद वस्तूपेक्षा घरात ठेवायला चांगली. कागदाचे मला फारसे कळत नाही.

वकिली पेशातील वाचक

कागदाचे मी सांगतो, कारण बनावट दस्तऐवजाच्या प्रकरणांत ते ऐकत आलो आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी चमकद्रव्ये साधारण १९५० नंतर प्रचारात आली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. एकोणिसाव्या शतकातील म्हणून दाखवलेले पत्र त्या दिव्याखाली उजळले तर संशयास भरपूर जागा आहे. न उजळले म्हणून ते अस्सल ठरत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवणारे लबाडही असतात.

आता मूळ विषयाकडे येतो, कारण धागाकर्तींनी वह्यांचा उल्लेख केला आणि त्यावर कुणी लिहिले नाही. कृपया त्या वह्या सरसकट कोणत्याही संस्थेस देऊ नका आणि त्यांची पाने आंतरजालावर टाकू नका. लघुलिपी वाचता येणारे आज कमी असले तरी नाहीत असे नाही. कौटुंबिक वाद, लहान मुलांची साक्ष, बंद दालनात चाललेली सुनावणी, असा मजकूर त्यांत असू शकतो. अधिकृत कामाच्या वह्यांवर न्यायालयाचा हक्कही असू शकतो. आधी एखाद्या विश्वासू जाणकाराकडून त्या वह्या सरावाच्या आहेत की कामाच्या, एवढेच पाहून घ्यावे.

निवृत्त लघुलेखक

मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. तसेच एक अडचणही सांगतो. वेगात लिहिणारा प्रत्येक लघुलेखक स्वतःची संक्षिप्त रूपे तयार करतो. एका खटल्यात वारंवार येणाऱ्या नावासाठी सकाळी बनवलेली खूण संध्याकाळी त्याच्या कामातून जाते. त्यामुळे दुसऱ्याच्या वह्या वाचताना पाठ्यपुस्तकातील रूपे कळतात आणि नेमकी नावे निसटतात. वीस वर्षांपूर्वीची माझी स्वतःची काही पाने आज मलाही लागत नाहीत. सरावाची वही मात्र ओळखणे सोपे आहे. तीत तोच उतारा पुनःपुन्हा, वाढत्या वेगाने लिहिलेला असतो आणि समासात मिनिटे टाकलेली असतात. धागाकर्तींची हरकत नसेल तर मी वह्या प्रत्यक्ष येऊन पाहीन आणि फक्त दोन ढिगाऱ्यांत विभागून देईन, मजकूर सांगणार नाही.

धागाकर्ती

आपले मनापासून आभार. या विभागणीसाठी आपल्यासारखीच व्यक्ती हवी होती. कामाच्या ठरतील त्या वह्यांबद्दल संबंधित कार्यालयाला आम्ही रीतसर लिहून विचारू, सरावाच्या वह्या घरीच ठेवू.

संग्रहाबद्दल घरात दोन मते होती. काहींना वस्तू वाटून घ्यायच्या होत्या आणि कार्डे आठवण म्हणून एका पेटीत एकत्र ठेवायची होती. येथील चर्चा वाचून दाखवल्यावर ते बदलले आहे. वस्तू ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तिचे कार्डही जाईल आणि सगळ्या कार्डांची छायाचित्रे प्रत्येकाकडे राहतील. जो ती वस्तू पुढे देईल त्याने कार्डावर आपले नाव आणि तारीख घालायची, मजकुरात काहीही बदलायचे नाही. काही सुधारणा करायची असल्यास ती कशी करायची, हे मावशीने आम्हाला पुरेसे शिकवले आहे. चिकटवण्यासाठी कोणता गोंद किंवा पट्टी वापरावी, एवढे मात्र कुणी सांगावे.

लाकूडकाम

कोणतीही नको. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक लाकडाच्या लेपात आणि कागदात उतरतो आणि काढताना दोन्ही खराब करतो. रबरबँड वितळून चिकटतो, टाचणीला गंज चढतो. कार्डाला एका कोपऱ्यात भोक पाडून पांढऱ्या सुती दोऱ्याने ते वस्तूला सैल बांधा. चांदीच्या वस्तूंची कार्डे आम्लरहित कागदाच्या पाकिटात शेजारी ठेवा. नवीन नावे शिसपेन्सिलीने लिहा, ओल लागली तर शाई पसरते आणि पेन्सिल टिकते. टाके घातलेल्या बशा एकावर एक रचू नका, टाक्यांवर वजन आले की चिनी माती तिथूनच तडकते.